माझे दोनशे तेवीस किलोमीटर

३ तारीख, सोमवार

आज मी सायकलवर बसले आणि पडले नाही. हे आधी लिहून टाकते. बाकीचं सांगायला लागले की मुद्दा राहून जातो, असं सूनबाई म्हणते. खरंच आहे ते. एकदा घरात गॅस गळतोय हे सांगायला शेजारी गेले आणि तिथं अर्धा तास गुडघ्यांवर बोलून आले.

सायकल दोघांची आहे. पुढं एक बसायचं, मागं एक. मिस्त्रींनी दोन भंगार सायकली कापून तिची एक केली आणि निळा रंग दिला. मिस्त्री म्हणजे आमच्या इस्पितळातले. मी तिथं कपड्यांच्या खोलीत अडतीस वर्षं चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले शिवले. ते शेजारच्या खोलीत चाकाच्या खुर्च्या आणि स्ट्रेचर दुरुस्त करायचे. मला सगळे शिवणबाई म्हणतात. त्यांना मिस्त्री. आता दोघंही घरी बसलेलो.

घरी बसलेलो होतो, असं लिहायला हवं. कारण येत्या शनिवारी आम्ही चारशे वीस किलोमीटर जाणार आहोत! सात दिवस, नऊ माणसं, सगळी इस्पितळातली. पुढारी माझी नात, चिमणी. ती तिथं मुलांना व्यायाम शिकवते, ज्यांचे पाय चालत नाहीत अशा मुलांना. त्यांना घरून आणायला गाडी नाही. एक जांभळ्या बुटांची पोर आहे. तिची आई तिला कडेवर घेऊन तीन बस बदलून येते. पोर आता आठ वर्षांची झाली, कडेवर मावत नाही. परवा आई म्हणाली, आता माझी कंबर गेली, आम्ही नाही येणार. म्हणून गाडी हवी. म्हणून सायकली.

मी म्हटलं, मीपण येते. चिमणी हसली. पण मिस्त्री हसले नाहीत. ते म्हणाले, "बाईंची सोय होईल." आणि दुसऱ्या दिवसापासून करवत घेऊन बसले.

५ तारीख, बुधवार

बोली अशी आहे. मी जितके किलोमीटर सायकल मारीन त्या हिशोबानं लोक गाडीसाठी पैसे देणार. मी गल्लीभर फिरले. औषधवाला, भाजीवाली, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नाहीत (दोघींनी वेगवेगळे दिले, हा फायदाच). एकेचाळीस नावं झाली. वहीच्या मागच्या पानावर सगळी लिहिलीत. चौथी शिकलेल्या बाईसाठी एकेचाळीस नावं म्हणजे काय कमी झालं?

बेचाळिसावा माझा मुलगा.

तो म्हणाला, "आई, जिना चढताना तू तीनदा थांबतेस."

"थांबत नाही, प्रत्येक मजल्यावर बोलायला कुणीतरी भेटतं."

"बरं. तू जितके किलोमीटर जाशील त्याचे मी सगळ्यांच्या दुप्पट देतो. मला काही खर्च येणार नाही."

चिमणी म्हणाली, "बाबा, लिहून द्या." त्यानं हसत हसत लिहून दिलं. मी कागद घडी घालून पोलक्यात ठेवला.

८ तारीख, शनिवार

बासष्ट किलोमीटर! बासष्ट!! आणि मी अजून बसून लिहितेय!

मला वाटलं होतं पाय गळून पडतील. कसले गळतात. लोण्यातून सुरी फिरावी तसे पायडल फिरत होते. अडतीस वर्षं पायानं शिवणयंत्र चालवलंय, ते काय वाया जाणार? मी मागं बसून गाणी म्हटली, म्हशी मोजल्या, रस्त्यावरच्या लोकांना हात केले, दोन्ही हात. पुढं मिस्त्री मात्र घामानं निथळत होते. मला दया आली. म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही जरा दमानं घ्या, मी आहे ना मागं."

ते म्हणाले, "हो बाई, तुमचाच आधार आहे." पण धाप लागल्यामुळं ते तीन तुकड्यांत म्हणाले.

बाकी मंडळीही झकास. मोठ्या सिस्टर, म्हणजे निवृत्त मुख्य परिचारिका, प्रत्येक थांब्यावर सगळ्यांची नाडी बघतात. आणि लिफ्टवाले. त्यांनी तीस वर्षं लिफ्ट चालवली. त्यामुळं चढ आला की त्यांना वाटतं आपोआप वर जाणार. पाय थांबवतात, समोर बघत उभे राहिल्यासारखे बसतात आणि मागं घरंगळायला लागतात. आज दोनदा झालं. दुसऱ्यांदा थेट मोठ्या सिस्टरांवर.

"अहो, कितव्या मजल्यावर जायचंय?" सिस्टर ओरडल्या.

मुलाला फोन करून आकडा सांगितला. तो म्हणाला, "बासष्ट मीटर?"

९ तारीख, रविवार

अठ्ठावन्न. एकूण एकशे वीस. मुलानं फोनवर आकडा दोनदा विचारला.

१० तारीख, सोमवार

पासष्ट. एकूण एकशे पंच्याऐंशी. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी माझ्या आकड्यावरून एकमेकींशी बोलायला लागल्या म्हणे. बारा वर्षांनी!

आज मुक्काम एका शाळेत आहे. लहान मुलांचे बाक आहेत, त्यावर बसून लिहितेय, गुडघे कानाला लागलेत. दुपारी वारा समोरून होता. सगळे कुरकुरत होते. मला वारा लागलासुद्धा नाही. तब्येत म्हणजे तब्येत! सिस्टरांनी माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "शिवणबाई, तुमची नाडी बाकावर बसलेल्या माणसासारखी आहे." मग मिस्त्रींची बघितली आणि त्यांना नुसतं पाणी दिलं.

पुरुषांना दम कमी असतो हे माझं जुनंच मत आहे. आमच्या ह्यांचंही तसंच होतं, देव त्यांना सुखात ठेवो. जाऊन बारा वर्षं झाली. एक पिशवी आणली की आल्या आल्या आडवे.

मिस्त्री तसे जुने ओळखीचे. माझं मशीन दर सोमवारी बिघडायचं आणि तेच येऊन दुरुस्त करायचे. कधी दोरा अडकलेला, कधी पट्टा सैल. सोमवार आला की काहीतरी निघायचंच. एकदा ते महिनाभर रजेवर होते तर मशीन महिनाभर ठणठणीत चाललं. यंत्रांचंही काय सांगावं. असो. मिस्त्रींचं लग्न झालंच नाही. का ते मी कधी विचारलं नाही, आपल्याला काय करायच्यात दुसऱ्याच्या चौकशा. चौकशी केली होती मी सिस्टरांकडे, पण त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

११ तारीख, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय. रागानं. शिवाय कोपर खरचटलंय.

सरळ लिहिते. दोनशे तेविसावा किलोमीटर संपला. मुक्कामाची शाळा समोर चढावर दिसत होती, शंभर पावलंही नसतील. तेवढ्यात मिस्त्रींच्या पोटरीत गोळा आला. त्यांचा पाय दगडासारखा झाला आणि तोंडातून आवाज निघाला.

मी म्हटलं, "पाय वर घ्या!"

"नको बाई. थांबू आपण."

"घ्या म्हणते ना वर! मी एकटी ओढते. एवढंसं तर आहे!"

"बाई, ऐका माझं—"

"घेता की नाही?"

त्यांनी घेतले. काय करतील, मी पाठीत गुद्दा मारला होता. आणि मी पायडल मारायला लागले. असे मारले, असे मारले की चिमणी म्हणते पाय दिसत नव्हते. आणि सायकल हळू झाली. आणखी हळू झाली. मग थांबली. मग एका बाजूला, अगदी सावकाश, जसा म्हातारा बैल बसतो तशी, आम्हा दोघांना घेऊन गवतात बसली. आडवी पडल्यावरही माझे पाय फिरतच होते. चाक जागच्या जागी.

सगळे धावत आले. सिस्टरांनी हाडं तपासली, सगळी जागेवर. चिमणीनं खाली बसून माझं पायडल बोटानं फिरवलं. एका बोटानं. ते गरगर फिरलं, लहान मुलाच्या भिरभिऱ्यासारखं.

"मिस्त्री," चिमणी म्हणाली, "पिन कुठंय?"

मिस्त्री गवतात बसले होते, पाय पसरून. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात पिन होती. माझं पायडल दातेरी चकतीला जोडणारी पिन! आम्ही घरून निघण्याआधीच त्यांनी ती काढून ठेवली होती. म्हणजे चार दिवस माझे पाय हवेत दळण दळत होते.

मी म्हटलं, "मला बटाट्याचं पोतं समजलात का?"

ते म्हणाले, "तसं नाही बाई. जन्मभर खुर्च्या केल्या. बसणाऱ्याच्या पायाला त्रास होऊ नये, एवढंच माझ्या हाताला माहीत आहे. तुम्ही मागं बसणार म्हटल्यावर हात आपोआप तसा चालला. नंतर सांगायला गेलो तर तुम्ही गाणं म्हणत होतात."

"चारही दिवस?"

"चारही दिवस म्हणत होतात."

लिफ्टवाले फसकन हसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते जाऊन पंक्चर नसलेलं चाक तपासायला लागले.

आता दोनशे तेवीस किलोमीटरचं काय करू? ते मी मारलेलेच नाहीत. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. एकेचाळीस लोकांना आणि पोटच्या पोराला आकडे सांगितले. औषधवाल्यानं तर दुकानाबाहेर फळ्यावर लिहिलेत.

मिस्त्रींशी बोलायचं नाही असं ठरवलंय.

१२ तारीख, बुधवार

सकाळी उठून आधी फोन केले, एकेक करून सगळ्यांना. चिमणी म्हणत होती, "आजी, कुणाला काही कळणार नाही. आणि कळलं तरी लोक देतीलच." मी म्हटलं, मला कळलंय ना. बोली पायानं मारलेल्या किलोमीटरची आहे. मारले नाहीत ते खोडा.

भाजीवाली म्हणाली, "जाऊ दे गं मावशी, बसली तर होतीस ना?" मी म्हटलं, खोड. औषधवाला म्हणाला, फळा पुसवत नाही. मी म्हटलं, पूस. दोघी बहिणींनी एकाच फोनवरून एकदम सांगितलं की मी वेडी आहे. तरी खोडलं.

मग मुलाला सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "आई, लागलं का तुला?" म्हटलं, कोपर. मग म्हणाला, "पाठवू का गाडी? घरी ये." म्हटलं, आज तर मी पहिल्यांदा सायकल चालवणार आहे.

मग मिस्त्रींसमोर हात पुढं केला. बोलायचं नव्हतं म्हणून नुसता हात. त्यांनी माझ्यासमोर पिन ठोकली. तीन घाव.

आई गं! आई आई आई! सायकल चालवणं म्हणजे हे असतं होय? पहिल्या अर्ध्या तासात माझ्या मांड्यांनी मला शिव्या दिल्या, ज्या मी लिहिणार नाही. दोन किलोमीटरवर बोलायचं नाही हे विसरले आणि ओरडले, "मिस्त्री, इतकं जड असतं?"

"आज हलकं आहे बाई," ते म्हणाले. "आज दोघं आहोत."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. चार दिवस हा माणूस दोघांची सायकल, मी आणि माझं गाणं एकट्यानं ओढत होता. एकोणसत्तराव्या वर्षी! आणि मी मागून म्हणत होते, दम कसा लागतो हो तुम्हाला? मी जी हसत सुटले ती थांबेना. मग तेही हसायला लागले. सायकल अख्ख्या रस्त्यावर नागमोडी. मागून सिस्टर ओरडतायत, "अहो, काय झालंय तुम्हाला? सरळ चला!"

सदुसष्ट किलोमीटर. खरे.

एका माणसानं दुसऱ्यासाठी एवढं का करावं मला कळत नाही. स्वभाव असतो एकेकाचा.

१३ तारीख, गुरुवार

पासष्ट. बसता येत नाही. उभ्यानं लिहितेय, खिडकीवर वही ठेवून.

१४ तारीख, शुक्रवार

पोचलो! चारशे वीस! नऊच्या नऊ!

शेवट एका गाड्या बांधणाऱ्या कारखान्याच्या फाटकात होता. आत आमची गाडी उभी. पिवळी, मोठ्या खिडक्यांची, आत खुर्च्या अडकवायला कड्या. मिस्त्रींनी प्रत्येक कडी ओढून बघितली आणि तीन कड्या बदलायला लावल्या. कारखान्याच्या मालकानं टाळ्या वाजवल्या, आम्हाला सरबत दिलं. लिफ्टवाले गाडीभोवती फिरून विचारतात, वर जायचं बटण कुठंय?

तिथंच घोळ झाला. मागच्या दाराशी एक फळी असते. ती खाली येते, चाकाची खुर्ची वर घेते. ती बसवली नव्हती. मालक म्हणाला, बाकी सगळ्याचं जमलं, फळीचं तेवढं कमी पडलं. तुमच्याकडून आकडा कमी झाला ना ऐन वेळी?

माझ्याकडून झाला. माझे दोनशे तेवीस.

फळी नाही म्हणजे जांभळ्या बुटांच्या पोरीला आईनंच उचलून गाडीत घालायचं. मग गाडी येऊन तिच्या कंबरेला काय मिळालं? मी सरबताचा पेला तसाच ठेवला.

मुलगा मला न्यायला आला होता. खरंच आला, एवढ्या लांब. म्हणाला, "आई, फळीचे मी भरतो. चल, गाडीत बस."

"तुझे तू नंतर दे. त्या लोकांनी शब्द माझ्या पायांवर दिलाय. मी दोनशे तेवीस मारून देते."

"कुठं मारणार?"

"परतीच्या रस्त्यावर. घरी जायचंच आहे ना? बाकीच्यांबरोबर टेम्पोत बसून गेले काय आणि पायडल मारत गेले काय."

सगळे एकदम बोलायला लागले. मिस्त्री मात्र साखळीला तेल घालत होते. म्हणाले, "सकाळी सातला निघू." मी विचारलंसुद्धा नव्हतं!

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मीपण येते सोबतीला. तेवढ्यात चिमणीनं त्यांच्या पायावर पाय दिला, चुकून असेल, आणि सिस्टर म्हणाल्या, नको, माझा गुडघा धरलाय. मुलगा म्हणाला, मग मी गाडी घेऊन मागं मागं येतो. चिमणी त्याला गाडीच्या पलीकडं घेऊन गेली आणि काय बोलली कुणास ठाऊक. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्यानं मिस्त्रींना दोनदा नमस्कार केला आणि 'काका' म्हणायला लागला. आजवर मिस्त्रीच म्हणत होता.

"काका, आईला... म्हणजे... नीट जा," एवढंच म्हणाला. इतका बोलका मुलगा, पण अवघडला की असं होतं त्याचं.

१५ तारीख, शनिवार

साठ. आज मिस्त्री म्हणाले, "बाई, तुम्ही पुढं बसा." हँडल माझ्या हातात! पहिल्या वळणावर एक कोंबडी वाचली ती तिच्या नशिबानं. पण दुपारपर्यंत मी सरळ न्यायला लागले. पुढून रस्ता केवढा दिसतो!

मी म्हटलं, "तुम्हाला बिचाऱ्यांना मागून काहीच दिसत नसेल. माझी पाठ आणि अंबाडा."

ते म्हणाले, "मला छान दिसतंय इथून."

चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा. घरी गेल्यावर बघायला लावते.

१६ तारीख, रविवार

अठ्ठावन्न. रस्ताभर गप्पा. मला माहीतच नव्हतं मिस्त्री इतकं बोलतात. किंवा मी पहिल्यांदा गप्प बसले असेन, श्वास पुरत नाही म्हणून.

१८ तारीख, मंगळवार

काल एकसष्ट झाले, लिहायचं राहिलं. आज दुपारी चव्वेचाळिसावा किलोमीटर एका बस थांब्यापाशी संपला. मिस्त्रींनी मीटर बघितलं, मी बघितलं, दोघांनी बेरीज केली. दोनदा केली. दोनशे तेवीस.

मी थांब्यावरच्या बाकावर बसून सगळ्यांना फोन केले. औषधवाला म्हणाला, फळ्यावर लिहितो, थांबा, ऐका, आणि मला खडूचा आवाज ऐकवला. दोघी बहिणी रडल्या, एकदम. चिमणीनं तिकडून कारखान्याला फोन लावला. फळी उद्या बसणार. परवा गाडी जांभळ्या बुटांच्या पोरीच्या दारात! मी बाकावर बसूनच नाचले. उठायला पाय नव्हते.

मुलगा म्हणाला, "दुप्पट पाठवले आई. आणि जिन्याचं बोललो ते मागं घेतो."

मग मिस्त्रींनी सायकल भिंतीला टेकवली. म्हणाले, "इथून घरापर्यंत थेट बस आहे बाई. सायकल मी आणतो मागाहून. तुमचं देणं फिटलं." आणि माझी पिशवी सोडायला लागले. ती बांधताना त्यांना एक मिनिट लागलं होतं, सोडायला दहा लागली. गाठ काही सुटेना. त्यांच्या हाताला न सुटणारी गाठ मी पहिल्यांदा बघितली.

तेवढ्यात बस आली. रिकामी होती, खिडकीची जागासुद्धा होती. ड्रायव्हरनं दार उघडलं.

माझ्या मांड्या म्हणाल्या, बस. पाठ म्हणाली, बस. मी म्हटलं, "जा बाबा तू." ड्रायव्हर माझ्याकडं बघून, मग मिस्त्रींकडं बघून हसला आणि उगाच दोनदा हॉर्न वाजवून गेला. कशाबद्दल ते समजलं नाही.

मिस्त्री पिशवी धरून तसेच उभे. मी म्हटलं, "उजेड आहे अजून. बांधा ती परत." एका मिनिटात बांधली.

निघाल्यावर मी विचारलं, आता हे पुढचे किलोमीटर कुणाच्या नावावर लिहायचे? यादी तर संपली.

मागून आधी नुसती धाप ऐकू आली. चढ होता. मग म्हणाले, "हे आपले."

इथं एका विहिरीपाशी पाणी प्यायला थांबलोय, म्हणून लिहून घेते. आपले: चार किलोमीटर. अंधार पडायच्या आत अजून सहा सहज होतील.